बिनतारी मचवा

मानपाडा, डोंबिवली
१० जुलै १९५५

प्रिय धाकूस पंढरीचा रामराम.

अक्षर पाहून दचकू नकोस. हे माझ्या धाकट्या सुनेचं, शालूचं आहे. मी सांगतो आणि ती लिहिते. चष्म्याचा नंबर वाढलाय आणि डोंबिवलीचा चष्मेवाला या पावसात दुकान उघडायचं नाव घेत नाही.

मचव्याबद्दल लिहायचं होतं. तू तो कोरलास आणि मी त्यात बिनतारी यंत्र बसवलं, त्याला आता वर्ष होत आलं. दोन म्हातारे तारमास्तर नोकरीतून सुटले की भजनाला बसतील असं लोकांना वाटलं होतं, आणि आपण खेळण्यातली नाव करत बसलो. असो. उन्हाळ्यापर्यंत तो माझं सगळं ऐकायचा. काठावरून हातातल्या पेटीवरचा खटका दाबला की सुकाणू उजवीकडे, सोडला की मधे, पुन्हा दाबला की डावीकडे. तळ्यातल्या कमळाच्या पानांमधून मी त्याला असा काढायचो की एक पान हलायचं नाही.

आता ऐकत नाही. उजवीकडे सांगावं तर उजवीकडे, डावीकडे, परत उजवीकडे असा भांबावतो आणि जागच्या जागी गिरक्या घेतो. माझी खात्री आहे की पेटीचा इशारा सुकाणूला पोचवणारा आतला रिले बिघडलाय. एका खटक्याला तो तीनतीनदा वाजतो. आवडाबाई भाजी घेऊन ठाण्याच्या बाजाराला येते, तिच्याबरोबर मचवा पाठवतोय. पेटी मात्र इथेच ठेवतो, तिचा परवाना माझ्या नावावर आहे.

परवा स्वप्न पडलं. खाचरं पाण्यानं काठोकाठ भरलेली, तारेचे खांब पाण्यात उभे, आणि आपला मचवा एका खांबाकडून दुसऱ्या खांबाकडे चाललेला. प्रत्येक खांबापाशी थांबून काहीतरी ऐकत होता आणि मग पुढे जात होता. पाण्याचा आवाज नव्हता, वारा नव्हता. मी कल्याणला खटक्यावर बसलेलो आणि मला माहीत होतं की तो ठाण्याकडे निघालाय. जाग आली तेव्हा उशीला कान लावून पडलेलो.

धाकू, तो नीट कर. जन्मभर खटक्यावरच्या हाताचं खाल्लं, माझ्यापाशी दुसरी विद्या नाही. मचवा ऐकेनासा झाल्यापासून मी कुणीच नाही असं वाटायला लागलंय. आज सकाळी तर चहाचा पेला अख्खा धोतरावर सांडला. शालू, हे लिहू नकोस.

तुझा,
पंढरी

(मामंजींनी नको म्हटलं तोवर लिहून झालं होतं. खाडाखोड केली तर कागद वाईट दिसतो म्हणून ठेवलं. – शालू)


चेंदणी कोळीवाडा, ठाणे
१९ जुलै १९५५

पंढरी, ठाण्याचा रामराम घे.

सुनेचं अक्षर इतकं गोल आणि टापटिपीचं आहे की तुझं बोलणंसुद्धा त्यात शहाण्यासारखं वाटतं. यापुढे तिच्याकडूनच लिहून घेत जा. चहा सांडल्याचं वाचून घरात हसू झालं. कल्याणच्या तारखोलीतल्या टेबलावर तुझ्या चहाचे डाग होते हे मला तारेवरच कळायचं, मधेच तुझा संदेश थांबायचा आणि मग फडकं शोधून आल्यासारखा पुन्हा सुरू व्हायचा.

मचवा पोचला. आवडाबाईनं तो पडवळांच्या टोपलीत वर ठेवून आणला, त्यामुळे बाजारातल्या बायकांनी त्याचा भाव विचारला म्हणे. ओट्यावर उघडून बसलो. तारेनं साधा खटका जोडून दुपारभर दाबत राहिलो. रिले एका खटक्याला एकदाच वाजतो. कुठे अडकत नाही, कुठे कुरकुरत नाही.

पण हाती आलेली वस्तू आहे तशी परत पाठवायची म्हणजे माझ्या बोटांना कसंतरी होतं. म्हणून रिलेच्या टोकांना चांदी लावली. चांदी म्हणजे आमच्या जनाबाईचं जुनं झिजलेलं जोडवं. तिच्याकडे मागितलं तर म्हणाली, "माज्या पायातलं तुमच्या नावंत चाललंय, तर नाव नीट चालली पायजे." सुकाणू वळवणाऱ्या रबराच्या पिळाऐवजी घड्याळाची कमान घातली. आणि मोटार बदलली. कल्याणच्या लष्करी छावणीतलं मोडीतलं सामान घेऊन एकजण आमच्या बाजारात बसतो, त्याच्याकडे विमानाच्या काचेवरचं पाणी पुसायची छोटी मोटार मिळाली. विमानातली आहे, तेव्हा जरा जपून.

तुझं स्वप्न मी दोनदा वाचलं. तो खांबापाशी काय ऐकत होता ते पुढच्या खेपेला नीट बघून ठेव.

धाकू


मानपाडा
२ ऑगस्ट १९५५

प्रिय धाकू,

उद्या नारळी पौर्णिमा, तेव्हा तुमच्याकडे गडबड असेल. आमचा एक नारळ माझ्या नावानं खाडीत सोड.

तुझ्या मोटारीनं गावात माझी शोभा केली. मचव्यानं नाक वर केलं, शेपूट पाण्यात बुडवली आणि तो तळ्याच्या पलीकडे बसलेल्या म्हशींत घुसला. म्हशी उठल्या, त्यांच्यामागे गुराखी उठला. मचव्याला काही झालं नाही, तुमच्या कोळीवाड्याचं लाकूड आहे. मोटारीची एक बॅटरी काढल्यावर वेग बरा झाला, पाण्याला चीर पडते पण फेस येत नाही, आणि संध्याकाळी ती चीर किती तरी वेळ तशीच राहते. ते बघत बसलं की घरी जावंसं वाटत नाही.

पण वळणाचं म्हणशील तर जसंच्या तसं. एक सांगितलं की तीन करतो. जनाबाईंना सांगू नकोस. रिले अजून जड हवा का? की सगळं यंत्रच नवं घ्यावं? तू म्हणशील ते करू.

काल पुन्हा ते स्वप्न पडलं. या वेळी मचवा खांबापाशी थांबला आणि मागे वळून बघायला लागला. मी खटका दाबत होतो, पण माझ्या बोटाखाली खटका नव्हता, ओला चिखल होता.

शालू विचारते, दोन रेघा आणि टिंबं म्हणजे काय, तुम्ही झोपेत तेच बडबडता.

पंढरी


चेंदणी
१० ऑगस्ट १९५५

पंढरी, रामराम.

नारळ सोडला. भरतीच्या पाण्यावर तो सरळ गेला.

शालूला मीच सांगतो, कारण तू सांगशील तर स्वतःची स्तुती गाळशील. पोरी, तुझे सासरे कल्याणच्या स्टेशनात आणि मी ठाण्याच्या, अशी वीस वर्षं आम्ही तारेवर बोललो. भेटलो किती तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या वेळा. चेहरा विसरावा अशी गत, पण हात विसरता येत नाही. टिंब म्हणजे आखूड ठोका आणि रेघ म्हणजे लांब. प्रत्येक तारमास्तराचा ठोका वेगळा पडतो, बोलण्यासारखाच. संदेश संपला की पंढरी आपली खूण टाकायचा: एक टिंब, दोन रेघा, एक टिंब. आणि ते शेवटचं टिंब किंचित उशिरा यायचं. पाहुणा उंबऱ्यापर्यंत जातो आणि काहीतरी सांगायचं राहिलं म्हणून वळतो, तेवढंच उशिरा. कल्याणला दुसरा कुणी बसून पंढरीची खूण टाकायला लागला तरी मला कळायचं. मग मी इकडून मिळाल्याची पोच द्यायचो. पोच मिळेपर्यंत संदेश पुरा होत नाही, असा आमचा नियम.

पंढरी, आता कामाचं. मचव्यात दोष नाही. असेल तर पेटीत. तेव्हा पेटी घेऊन ठाण्याला ये. मासुंदा तळं तुडुंब भरलंय, दुपारनंतर त्यावर असं धुकट ऊन पडतं की पलीकडचा काठ खरा आहे की पाण्यातला हे समजत नाही. मचवा घेऊन ये, दोघं बघू. जनाबाई खाडीतल्या निवट्यांचं कालवण करणार आहे, नाही म्हणायची सोय नाही.

धाकू


मानपाडा
२८ ऑगस्ट १९५५

प्रिय धाकू,

निवट्यांचं ऐकून तोंडाला पाणी सुटलं, पण सध्या जमत नाही. अधिक महिना लागलाय, जावई येतो आहे, त्याच्यासाठी अनरसे आणि धोंडे चाललेत. त्यात माझा गुडघा धरलाय. गाडीची पायरी उंच असते.

पेटी तपासली. पेटी ठीक आहे. पुन्हा लिहितो, पेटी ठीक आहे.

गणपती होऊ देत. त्यानंतर येईन, दोन ऑक्टोबरला, रविवार आहे. एक अट मात्र आहे. तू मासुंद्याच्या घाटाच्या बाजूनं मचवा पाण्यात सोडायचा आणि मी पेटी घेऊन कौपिनेश्वराच्या देवळाच्या बाजूला उभा राहणार. इतक्या लांबून लहरी पोचतात का ते बघायचं आहे. मधे येऊन माझ्यापाशी उभं राहायचं नाही. लोक जमतात, मला लोक जमलेले खपत नाहीत.

मचवा आधी आवडाबाईबरोबर पाठवतो.

पंढरी


चेंदणी
४ ऑक्टोबर १९५५

पंढरी, रामराम.

परवा तू जेवला नाहीस. शालूनं तुला धरून गाडीत बसवलं आणि तू खिडकीतून बघितलंही नाहीस. जनाबाई निवटी वाढून बसली होती. ती रागावलेली नाही, पण मला चार वेळा विचारलं की तुम्ही त्याला काय बोललात.

मी काय बोलणार? मी तर घाटावर उभा होतो. तुला दिसलं नसेल म्हणून मला दिसलं ते लिहितो. मचवा सोडला तेव्हा पाणी पातळ दुधासारखं होतं. तो सरळ मधोमध गेला. पलीकडे तुझं धोतर आणि पेटी एवढंच दिसत होतं. मग तू वळण सांगितलंस, आणि मचवा थरथरला. उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे, छोटी छोटी वळणं. पाण्यावर त्याची नागमोडी खूण उमटत गेली. काठावरची माणसं हसली. मला हसू आलं नाही. मी ती खूण पुसट होईपर्यंत बघत राहिलो.

घरी आणून रिले उघडला. दोष सापडला. जोडव्याची चांदी मऊ असते, तिचा ठोका उसळतो. म्हणून एकाचे तीन होतात. चूक माझीच. आता मी वळवण्याची रीतच नवी करतो, खटक्याशिवायची. पेटी इथेच राहिली आहे ते बरं झालं. दिवाळीपर्यंत वेळ दे.

धाकू


मानपाडा
९ ऑक्टोबर १९५५

धाकू,

तुला खोटं बोलता येत नाही. ऑगस्टात लिहितोस की मचव्यात दोष नाही, आणि आता चांदी मऊ झाली. जनाबाईंच्या जोडव्यावर आळ घालू नकोस.

माझ्या हाताला कंप सुटलाय. गेल्या दिवाळीनंतर सुरू झाला. आधी अंगठा, मग सगळा उजवा हात. चष्म्याला काही झालेलं नाही, चष्मेवाल्याचं दुकान रोज उघडं असतं. मला लिहिता येत नाही. खटका एकदा दाबायला जातो आणि बोट तीनदा पडतं. मचवा बिचारा मी सांगतो तेच करतो.

हे शालूकडून लिहून घेताना मला जड गेलं. ती लिहिते आहे आणि डोळे पुसते आहे. तिला मी आधी सांगितलं होतं की धाकूला यातलं एक अक्षर कळता कामा नये. रिले बिघडला, असं तुझ्याकडून ऐकलं असतं तर मलाही ते खरं वाटलं असतं, म्हणून मचवा पाठवत राहिलो. वेडेपणाच तो.

तू माझा चेहरा विसरलास तरी चालेल, पण हात ओळखायचास. आता ओळखण्यासारखं काही उरलं नाही. तळ्याच्या मधोमध सगळ्या ठाण्यासमोर मी मचव्याच्या वळणांनी माझी खूण टाकली असती तर तुला ती दुसऱ्याच कुणाची वाटली असती. त्या भीतीनं मी टाकली नाही आणि जेवायला थांबलो नाही.

मचवा राहू दे तुझ्याकडे. नातवंडांना दे.

पंढरी


चेंदणी
३० ऑक्टोबर १९५५

पंढरी,

खोटं लिहिलं ते खरं. तळ्यावर मला कळलं. रिले बिघडला तर तो ठरावीक बिघडतो, तीन म्हणजे तीन. तुझा मचवा कधी दोनदा थरथरत होता, कधी पाचदा, आणि मधे थांबून पुन्हा धीर धरत होता. यंत्र धीर धरत नाही. कान लावून वीस वर्षं बसलेल्या माणसाला हे पाण्यावरून वाचता आलं यात नवल नाही. तुझ्या तोंडावर कसं सांगू, म्हणून जोडव्यावर ढकललं. जनाबाईला हे वाचून दाखवल्यावर ती माझ्याशी एक दिवस बोलली नाही.

नातवंडांना मचवा दिलेला नाही. तो आता वेगळा झालाय, नीट ऐक.

पेटीत मी एक छोटी मोटार बसवली आहे. ती आपली आपण टिंब, रेघ, टिंब, रेघ करत राहते, थांबत नाही. पेटीवर एक चाक आहे. चाक उजवीकडे झुकवलं की रेघा लांबतात, डावीकडे झुकवलं की टिंबं वाढतात, मधे ठेवलं की दोन्ही सारखी. मचव्यात सुकाणूला दुसरी मोटार जोडली आहे. रेघेला सुकाणू उजवीकडे जातं, टिंबाला डावीकडे. म्हणजे ते सारखं हलत असतं, माशाच्या शेपटीसारखं, आणि दोन्हीकडचं हलणं सारखं झालं की मचवा सरळ जातो. पहिल्यांदा पाण्यात सोडला तेव्हा मी स्वतः चकित झालो. आमच्या म्हाताऱ्या चुलत्यानं बघितलं आणि म्हणाला, "आता कुठं यो जित्ता झाला."

कळलं का? तो थरथरतच सरळ जातो. चाकात मी जाळ्याचं शिसं ओतलंय. ते इतकं जड आहे की हाताचा कंप त्यात जिरून जातो, फक्त हाताच्या मनात काय आहे तेवढं खाली उतरतं. मी मुद्दाम हात हलवून बघितलं. मचव्याला पत्ता लागला नाही.

आणि खटका काढलेला नाही. चाक सोडून खटका दाबला की डोलकाठीवरचा बॅटरीचा दिवा लागतो. कशासाठी ठेवलाय हे मी लिहीत नाही.

दिवाळी झाली की वीस नोव्हेंबरला रविवार आहे. दिवेलागणीच्या आधी ये. तुझ्या काठावर उभा राहा, मी माझ्या. पेटी घेऊन माझा मुलगा देवळापाशी थांबेल. आला नाहीस तर मी मचवा पाण्यात सोडून देईन, आणि मग तो कुठेही जाईल.

धाकू


मानपाडा
२४ नोव्हेंबर १९५५

प्रिय धाकू,

हे मी स्वतः लिहितो आहे. वेळ लागतो आणि ओळी उताराला लागतात. शालूला कागद घट्ट धरून बसवलंय. तुला वाचायला त्रास होईल, पण शालूच्या गोल अक्षरात हे मला लिहायचं नव्हतं.

मचवा गेला. तू म्हणालास तसाच. चाकावर दोन्ही हात ठेवले, ते कापत होते, आणि तिकडे तो सरळ चालला होता. मी त्याला तळ्याच्या मधून नेला, बदकांना वळसा घातला, देवळाच्या सावलीत आणला, परत बाहेर काढला. धुकं उतरत होतं. एकदा वाटलं की तो पाण्यावर नाही, पाण्यातल्या आभाळावर आहे. मला स्वप्नातले खांब दिसले. तो थांबून काय ऐकत होता तेही कळलं. तो पलीकडून पोच येते का ते ऐकत होता.

मग मी चाक सोडलं आणि खटक्यावर बोट ठेवलं. टाकू नये असं वाटत होतं. टाकली. दिवा लागला, विझला, लागला. रेघा तुटल्या, मला दिसलं. एकेका रेघेची तीन तीन टिंबं झाली. दुसऱ्या कुणाला ते मोडक्या दिव्याचं लुकलुकणंच वाटलं असेल.

नंतर तू आलास, पाठीवर थाप मारलीस, आपण घरी निवटी खाल्ली, जनाबाईंनी मला दुसऱ्यांदा वाढलं, तू म्हशींची गोष्ट सगळ्यांना सांगितलीस. पण खुणेबद्दल तू काही बोलला नाहीस. मीही विचारलं नाही. तोंडानं विचारायची आपल्याला सवय कुठे आहे?

चार दिवस झाले. माझा संदेश उघडाच आहे. तू ती ओळखलीस का? माझी म्हणून ओळखलीस का? नसेल तर तसं लिही. मी रागावणार नाही.

पंढरी


चेंदणी, ठाणे
२६ नोव्हेंबर १९५५
(पोस्टकार्ड)

पंढरी,

रविवारी बोलायला गेलो असतो तर रडलो असतो, आणि पाहुण्यांना वाढायचं होतं.

संदेश मिळाला. रेघा तुटल्या होत्या, त्या मी जोडून घेतल्या. शेवटचं टिंब उशिरा आलं, नेहमीइतकंच.

ही पोच.

धाकू